मीठ की थंडी

इक्बाल, आपला फ्लोट दिवाळीनंतर वर आलेलाच नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, भाभींना नाही, आणि तुला तर नाहीच. हिवाळाभर तुझ्या खुर्चीशेजारी बसून मी जे आकडे वाचून दाखवत होतो, पाणी इतकं गार, इतकं खारट, वरचा थर इतका खोल गेला, ते सगळे माझ्या मनचे होते. समुद्राने त्यातला एकही पाठवला नव्हता.

पहिल्याच ओळीत सांगून टाकलं ते बरं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत थांबलो असतो तर पळवाट सापडली असती. माझा हा गुण तुला माहीत आहे.

तू गेल्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. सातपूरचं तुझं वर्कशॉप पुतण्याने उघडलं आहे, लेथ चालू आहेत. मी परवा बाहेरूनच आवाज ऐकून आलो. आत जायचं धाडस झालं नाही. आत गेलो असतो तर कुणीतरी स्टूल पुढे केलं असतं आणि मी त्या स्टुलावर बसून तुझ्या येण्याची वाट पाहिली असती.

वाचणाऱ्यांना फ्लोट म्हणजे काय ते सांगायला हवं. ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगायचास. डायलिसिसच्या वॉर्डातल्या सिस्टरनी एकदा विचारलं, तुम्ही दोघं सारखे आला का, आला का म्हणता, तो कोण? तू म्हणालास, "माणसाएवढी पिवळी नळी असते, सिस्टर. समुद्रात सोडली की बुडी मारते, खाली अंधारात पडून राहते. दहा दिवसांनी वर येते, येता येता प्रत्येक थराचं पाणी चाखत येते. किती गार, किती खारट. वर आली की उपग्रहाला निरोप देते आणि परत गडप. आमच्या पुतण्यासारखं. जेवायला तेवढं वर येतं." सिस्टर हसल्या आणि तुझ्या हातातली सुई हलली म्हणून तुलाच रागावल्या.

तो फ्लोट मी माझ्या शेवटच्या सफरीत उत्तर अरबी समुद्रात सोडला होता. सोडण्याआधी जहाजावरचे लोक त्याच्यावर मार्करने काहीबाही लिहितात. कुणी पोराचं नाव, कुणी देवाचं. मी तुला फोन लावून विचारलं, काय लिहू? तुझे डोळे तेव्हा साखरेने नुकते अधू व्हायला लागले होते, पण जीभ शाबूत होती. "लिही," तू म्हणालास, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मी तेच लिहिलं, खाली तुझं नाव टाकलं. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, म्हणाला, साहेब, हा कुठला मंत्र? मी म्हटलं, सातपूरचा.

पण तो फ्लोट मी का सोडला, हे तुला कधी खरं सांगितलं नाही. तू समजत होतास, मित्राची आठवण म्हणून. आठवण होतीच. पण त्यामागे एक लाज होती.

आपण दोघं नाशिकहून एकदमच किनाऱ्यावरच्या त्या समुद्रशास्त्राच्या संस्थेत लागलो. तू जुन्या नाशकातला, मी निफाडचा द्राक्षवाल्याचा पोरगा. दोघांनीही तोवर समुद्र एकदाच, सहलीत पाहिलेला. पहिल्या हिवाळी सफरीत आपल्याला एकच केबिन मिळाली. मी आडवा पडून ओकत होतो आणि तू डेकवरून रबरी बादली पाण्यात फेकत होतास. बादली वर आली की लगेच थर्मामीटर वाचायचा, नाहीतर वाऱ्याने बादलीतलं पाणी गार होतं आणि आकडा खोटा पडतो. तू वाचायचास, आणि मग बोट बुडवून चाखायचास. रोज. मी म्हणायचो, बाटल्या भरून ठेवल्यात, प्रयोगशाळेत खारटपणा मोजता येतो, जिभेने काय कळणार? तू म्हणायचास, कालच्यापेक्षा आज जास्त आहे. मी हसायचो. नंतर बाटल्या मोजल्या तेव्हा कधी तू बरोबर असायचास, कधी साफ चुकलेला. चुकलास की म्हणायचास, बाटलीचं बूच ढिलं राहिलं असेल.

त्याच सफरीत आपलं भांडण सुरू झालं. पावसाळा सरला की उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो. निफाडचा पारा उतरवतो तोच वारा पुढे समुद्रावर जातो. तो पाण्याची वाफ करून नेतो. वाफ जाताना ऊब घेऊन जाते आणि मीठ मागे टाकते. म्हणून वरचं पाणी एकाच वेळी गारही होतं आणि खारटही. दोन्हींनी ते जड होतं, आणि जड झालं की बुडतं. मग खालचं पाणी वर येतं, आपल्याबरोबर खालचं खत वर आणतं आणि फेब्रुवारीत सगळा समुद्र शेवाळी हिरवा होतो. इथवर आपलं एकमत होतं. भांडण एवढंच, की पाण्याला बुडायला लावतं कोण? मी म्हणायचो थंडी. तू म्हणायचास मीठ.

तुझा मुद्दा मी आज तुझ्याच शब्दांत मांडतो, कारण तू समोर असताना तो मी कधी पुरा होऊ दिला नाही. "बंगालच्या उपसागराकडे बघ. तिथंही हिवाळ्यात वरचं पाणी गार होतंच की. पण नद्यांनी गोडं पाणी आणून ओतलेलं, वरचा थर हलका. गार होतो, पण बुडत नाही. वर गारठा आणि खाली ऊब कोंडलेली. नुसत्या थंडीने भागत असतं तर बुडाला नसता का?" आणि मग मला डिवचायला, "तू तसलाच आहेस. वर गारठा. खाली काय कोंडून ठेवलंय ते अल्लाच जाणे."

मी विचारायचो, मीठ तर तिथे बारा महिने आहे, मग उन्हाळ्यात का बुडत नाही? यावर तू थोडा अडकायचास. मग म्हणायचास, "एखादा हिवाळा असा मिळू दे, की थंडी पडलीच नाही, नुसता कोरडा वारा वाहिला. त्या वर्षी बघू. थर खोल गेला तर मी जिंकलो. नाही गेला तर तू."

पुढच्याच वर्षी तुझे अब्बा गेले. वर्कशॉप, कामगार, घेतलेल्या ऑर्डरी, सगळं उघड्यावर पडलं आणि तू राजीनामा देऊन परत आलास. स्टेशनवर पोचवायला आलो तेव्हा तू एकच मागितलंस. म्हणालास, मला काय, मी आता नट-बोल्ट कापीन. पण तेवढं तपास. तुझ्याकडे जहाज आहे.

इक्बाल, मी तपासलं नाही.

जहाज होतं, माणसं होती, मागून सगळ्या समुद्रांत फ्लोट आले, माहिती कुणालाही उघडून बघता येऊ लागली. मधे दोनेक हिवाळे उबदारही गेले. मी इतर सगळं केलं. कशावर कशावर लिहिलं, परदेशात जाऊन बोललो. तुझ्या प्रश्नाशी आलो की हात आखडायचा. हरायची भीती होती, हे एक. पण खरी गोष्ट याहून छोटी आणि जास्त लाजिरवाणी आहे. सुट्टीत नाशिकला आलो की मी तुझ्या वर्कशॉपमध्ये येऊन बसायचो, तू लेथच्या आवाजावर आवाज चढवून माझ्याशी भांडायचास आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं. त्या भांडणाचा निकाल लागला असता तर मी तिथे काय म्हणून येऊन बसलो असतो? मला गप्पा येत नाहीत. मला तुझ्याशी एवढं एकच बोलता यायचं. म्हणून मी तुझा प्रश्न तसाच ठेवला. तुझी इच्छा माझ्या सोयीसाठी अडकवून ठेवली. फ्लोट सोडला तो या लाजेपोटी, आणि तोही माझ्या नोकरीच्या अगदी अखेरीस.

मग मी नोकरी सोडून आईसाठी नाशिकला परत आलो. तोवर तुझ्या किडन्या गेल्या होत्या. समुद्र नसलेल्या या गावात समुद्राची आपण दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला दिवसाला दोन ग्लास पाणी. मीठ तर बंदच. "पाण्यातलं मीठ मोजायचो, आता सिस्टर माझ्यातलं मोजते," असं तू येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचास. एका दुपारी वॉर्डातला एसी बंद पडला होता, तुझ्या मनगटावर घाम आला होता. तू तो जिभेला लावलास आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालास, छत्तीस. उत्तर अरबी समुद्राच्या खारटपणाचा आकडा. भाभींना वाटलं तापाबद्दल बोलतोयस. त्या म्हणाल्या, चला, उतरला म्हणजे. आपण दोघं इतके हसलो की मशीनचा अलार्म वाजला.

त्या महिन्यांबद्दल मी तुझा ऋणी आहे. आजाऱ्याला सोबत करायला जातोय असं मी घरी सांगायचो, पण सोबत तू करत होतास. नोकरी सोडून आल्यावर मला या गावात कुठे उभं राहायचं कळत नव्हतं. आईच्या वॉकरचे पाय घसरायचे. तू धड दिसत नसताना लेथवर उभा राहून, हाताने चाचपत, त्याला नवे पाय बसवून दिलेस. आई अजून तोच वापरते आणि अजून म्हणते, तुझ्या मित्राला जेवायला बोलाव. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि यंदा तो हिवाळा आला. दिवाळी झाली, वारा सुटला, अंग उलायला लागलं, पण थंडी काही पडेना. निफाडला माझ्या भावाने बागेत पहाटे धूर करायला पालापाचोळा रचून ठेवला होता, तो तसाच पडून होता. थंडी नाही म्हणून द्राक्षाचे मणी तडकणार नाहीत, भाऊ खूश. आणि तू त्याच्याहून खूश. "द्राक्षवाले, तुझा भाऊ आणि मी यंदा एका पार्टीत," तू म्हणालास. तुझ्या आयुष्यात एवढी वर्षं वाट पाहिलेला कोरडा, उबदार हिवाळा, आणि आपला फ्लोट अगदी हवा तिथे. तुला मोबाईलवरचं वाचता येत नव्हतं. तू म्हणायचास, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार नाही, तू सांगशील तोच निकाल.

नेमका तेव्हा फ्लोट गप्प झाला. बॅटरी संपली असेल. बिघाड झाला असेल. ते कधी कळत नाही. यायच्या दिवशी येत नाही, इतकंच.

त्या दिवशी मी वॉर्डात आलो तो तुला हेच सांगायला. तुझं बीपी पडलं होतं, पिंढऱ्यांत गोळे आले होते, भाभी खाली बसून तुझे तळपाय चोळत होत्या. तू डोळे मिटलेले. माझ्या चपलांचा आवाज ओळखून विचारलंस, "आला का?"

मी म्हणालो, "आला."

मागच्या हिवाळ्यांचे त्या सुमाराचे आकडे मला पाठ आहेत. त्यातलेच सांगितले. वाटलं, पुढच्या वेळी फ्लोट आला की दुरुस्त करून घेऊ. पुढच्या वेळीही तो आला नाही आणि तू पुन्हा विचारलंस. त्यानंतर मी येण्याआधी आकडे घरूनच जुळवून यायला लागलो. रिक्षात मनातल्या मनात उजळणी करायचो. अर्धा अंश कमी करू का, मीठ जरा चढवू का. पहिले आकडे मी तुला त्रास नको म्हणून सांगितले होते. पण पुढे मला त्यात एक गोडी वाटायला लागली. तुझ्या कपाळावरच्या आठ्या सैल होताना दिसायच्या. एवढी वर्षं तपासलं नाही, ते मी असं भरून काढत होतो.

जानेवारीत मी तुला जिंकवलं. पाणी फारसं गार झालेलं नाही, पण मीठ चढलंय आणि थर चांगला खोल गेलाय, असं मी वाचून दाखवलं. मोबाईल समोर धरला होता, त्यावर काहीच नव्हतं. तू पुन्हा एकदा वाचायला लावलंस. मग शेजारच्या खुर्चीवरच्या, एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरकाकांना म्हणालास, भाऊसाहेब, जुनी केस जिंकलो. त्यांनी विचारलं, जमिनीची का? तू म्हणालास, पाण्याची. ते म्हणाले, मग पेढे पाहिजेत. तू म्हणालास, तुम्हाला साखर, मला साखर, पेढे सिस्टर खातील.

मग तू माझ्याकडे वळलास. माझा चेहरा तुला दिसत नव्हता, तरी बराच वेळ तिकडे बघत राहिलास.

"आणि तू काहीच बोलत नाहीस?"

"काय बोलू? जिंकलास."

"उन्हाळ्याचं विचार ना. नेहमी विचारतोस."

मी म्हणालो, आता काय विचारायचं. तू मान हलवलीस. नंतर हळूच, भाभींना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणालास, "आकडे फार शहाणे झालेत रे यंदा. समुद्र असा मास्तरने सांगितल्यासारखा वागतो का?"

मी हसलो. चहा घेऊन येतो म्हणून बाहेर गेलो आणि बाहेरच थांबलो. इक्बाल, तेव्हा आत येऊन सांगायला हवं होतं. तू मला दार उघडून दिलं होतंस. मी चहा घेऊन आलो.

त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस. मी आकडे तयार ठेवून यायचो, तू विचारायची वाट बघायचो. तू भावाची बाग कशी आहे विचारायचास, आईचा वॉकर विचारायचास, कॉलेजात मी तासिकेवर शिकवायला जातो तिथली पोरं कशी आहेत विचारायचास. फ्लोटचं नाव नाही. जिंकलास म्हणून तुझं समाधान झालं होतं, का तुला कळलं होतं? कळलं असेल तर तू मला वाचवत होतास, मी तुला वाचवतोय असं समजत असताना. हा विचार आला की मला बसवत नाही.

त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला तू गेल्यावर समजली. आकडे खोटे होते हे वाईटच. पण मी भांडलो नाही, हे त्याहून वाईट. तुझ्याशी सगळं जग आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होतं: सिस्टर, भाभी, पुतण्या, कंडक्टरकाकासुद्धा. एक मी होतो, ज्याच्याशी तू अजून पूर्वीचा इक्बाल होतास. त्या जानेवारीत मीही तुझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसंच बोललो.

फेब्रुवारीत तू गेलास. कब्रस्तानात ओंजळभर माती टाकताना माझ्या हातात ती ओली लागली आणि माझ्या मनात आलं, की तू असतास तर बोट लावून पाहिलं असतंस.

चार दिवसांनी तुझ्या घरी आलो तर भाभींनी चहा दिला, तुझ्या चहासारखा बिनसाखरेचा, सवयीने. मग म्हणाल्या, "विलासभाई, ते म्हणायचे, मी जिंकलो. फार खूश होते त्या दिवशी. नेमकं काय जिंकले, ते मुलांना समजेल असं एकदा सांगा ना. त्यांना अब्बूचं तेवढंच कळत नाही."

मी म्हणालो, सांगतो, निवांत सांगतो. आणि उठलो. म्हणजे तुझ्या मुलांपुढेही तुझा विजय खोटा करून ठेवला, आणि तो खोटा आहे की खरा हे मलाही माहीत नाही. कदाचित तू खरंच जिंकला असशील. कदाचित मी तुला उगाच जिंकवलं, आणि समुद्राने तसंही जिंकवलंच असतं.

ते कळू शकतं. आपला फ्लोट गेला तरी त्या भागात दुसरे आहेत, दुसऱ्यांनी सोडलेले. त्यांनी यंदाचा हिवाळा पाहिला आहे, आणि त्यांनी जे पाहिलं ते सगळ्यांना खुलं आहे. घरच्या संगणकावर उघडायला चहाला आधण यायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही. मी ते अजून उघडलेलं नाही. आधी हे लिहिल्याशिवाय उघडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण निकाल पाहून मग कबुली दिली असती तर त्यातही मी काहीतरी सोयीचं केलं असतं.

तर, इक्बाल, माझ्याकडून तुझं हे येणं बाकी आहे. यंदाच्या हिवाळ्याचे खरे आकडे, जसे असतील तसे. तू जिंकला असशील तर भाभींना आणि मुलांना तुझं म्हणणं नीट समजावून सांगायचं आणि ते तुझ्या नावाने छापायचं. हरला असशील तर तेही त्यांना सांगायचं, तुझ्या कबरीपाशी येऊन तुलाही सांगायचं, आणि तू जे उलट बोलला असतास ते तुझ्या बाजूने बोलून माझ्याशी भांडायचं. आणि निकाल काहीही लागो, मी खोटं बोललो, हे भाभींना माझ्या तोंडाने सांगायचं. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.